सुक्या मासोळीची पाच पोती

चंद्रपुरात नदीकडच्या वस्तीत माझं सुक्या मासोळीचं दुकान होतं. खाली दुकान, वर लाकडी माळा, मागची भिंत मातीची. माळ्यावर माझी मोठी बहीण राहायची. आईबाप लवकर गेले, तिनंच मला वाढवलं. सगळे तिला बाई म्हणत, मीही बाईच म्हणायचो. गुडघे गेल्यापासून ती फारशी खाली उतरत नसे.

दुकान मी कोणाच्या आधाराशिवाय उभं केलं. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसत होतो तेव्हा एक गोष्ट शिकलो. आपल्याला काय हवं आहे ते समोरच्याला कळता कामा नये. हवी ती वस्तू बाजूला ठेवून दुसरीवरच बोलायचं. नाहीच जमलं तर पाठ फिरवून चालू लागायचं. बाईला हे कधी कळलं नाही. मी नाक मुरडून माल परत करत असायचो आणि ती वरून ओरडायची, "घे नं रे, आपल्याजवळ काहीच नाई राह्यलं." मग समोरचा अडून बसायचा. यावरून मी तिला फार बोललो आहे.

मला माल आणून देणारा एक मासेमार होता. तलावातली मासोळी वाळवून आणायचा. कित्येक वर्षं आमचं एकच चाललं होतं. मी पाठ फिरवायचो, दहा-बारा पावलं जायचो, मागून तो हाक मारायचा, "या भाऊ, तुमचंच खरं." हे होणार हे त्यालाही माहीत असायचं.

त्या वर्षी बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याचं रेडिओवर सांगत होते. आम्ही समुद्रापासून इतके दूर, कोण लक्ष देतं. मग तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. धरणाचे दरवाजे उघडले, असं सांगत एक जीप फिरली म्हणे. मोठ्या रस्त्यावरून फिरली. आमच्या गल्लीत तिचा आवाज आला नाही, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. सकाळच्या चहाला पाणी ओट्यावर होतं. दहा वाजेपर्यंत कमरेला लागलं. दुकानातली मासोळीची पाच पोती मी उंच फळीवर चढवून ठेवली होती.

उंचावरच्या शाळेत लोकांची सोय केली होती. विहारातली पोरं दोर धरून म्हाताऱ्यांना पाण्यातून नेत होती, शाळेच्या अंगणात खिचडी शिजत होती. भद्रावतीहून रबरी बोट निघाली आहे, असं एक शिपाई ओरडून सांगून गेला. मासेमार मात्र कोणी बोलावण्याची वाट न बघता आपापले डोंगे घेऊन आले. माझ्या दारात आला तो हाच.

त्याला पाहिल्याबरोबर मी त्याच्या नकळत ओठांवर बोट ठेवून माळ्यावरच्या बाईला गप्प राहायला खुणावलं. बाईला न्यायचं आहे हे कळलं की तो तिलाच घेईल, पोती नेणार नाही, हा माझा हिशेब. आधी पोती ठरवायची, बाईला शेवटी बसवायचं. ती तोंडावर पदर धरून बसली. एवढ्या वर्षांत त्या एका सौद्यात ती बोलली नाही.

"पाच पोते आहेत," मी म्हणालो. "शाळेपर्यंत टाकून दे."

"भाऊ, माणसं नेऊन राह्यलो. पोते नाई."

"सालभर माह्याच दारात येतोस नं? आज ओळख विसरला काय?"

"तिकडं घरांच्या कवेलूवर लेकरं बसून आहेत. तुमच्या मासोळीले पोहता येते, राहू द्या तिले."

डोंग्यात बसलेली एक म्हातारी हसली. माझं डोकं फिरलं.

"नाही तं नाही. भद्रावतीची बोट येऊन राह्यली," मी म्हणालो आणि वळलो. पाणी कापत गल्लीच्या टोकाकडे निघालो. पावलं जड पडत होती. कान मागे लावून होतो. बांबू पाण्यात रोवल्याचा आवाज आला. मग तो आवाज लांब गेला.

मी रागातच पुढे मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, दुसरा डोंगा शोधायला. मिळाला तेव्हा दुपार झाली होती. परत आलो तर मागची भिंत बसली होती आणि माळा तिच्याबरोबर गेला होता. पोती फुगून पाण्यावर तरंगत होती. बाई दुसऱ्या दिवशी सापडली. रबरी बोटही दुसऱ्या दिवशीच आली.

पाणी ओसरल्यावर लोकांनी त्या मासेमाराला हार घातला. मी पाहिलं आणि मला राहवलं नाही. त्याच्या घरी गेलो. तो जाळं विणत होता. उठून उभा राहिला.

"भाऊ, एक विचारू? बाई वरच होत्या, तं मले काऊन नाई सांगितलं? मले वाटलं, त्यायले तुमी आधीच पाठवलं. घरात माणूस असतं तं तुमी असे निघून गेले नसते."

मी त्याच्याकडून चूक कबूल करवून घ्यायला गेलो होतो. तोंडातून निघून गेलं, "सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. पावसात तुले ऐकू नाही आलं."

त्यानं हातातली सुई जाळ्यात खोचली. मग तो कानाची पाळी चोळू लागला. त्याची बायको दारातून माझ्याकडे बघत होती. तिला काही कळलं असावं.

"असंल भाऊ," तो म्हणाला. "पाण्याचा आवाज लय होता."

त्यानं घासाघीस केली नाही. मी जेवढं मागितलं तेवढं उचलून दिलं. पुढे तो स्वतःच लोकांना सांगू लागला, बाईच्या भावानं हाक मारली होती, माह्याच कानानं घात केला. मी जिथं जातो तिथं लोक मला ही गोष्ट ऐकवतात, त्याच्या तोंडून ऐकलेली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतात. त्यानं तेव्हा विचारायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. एक शब्द विचारला असता तर बाई वाचली असती. पण हे आता मी कोणाला सांगू शकत नाही.