साल्गो म्हणजे वर जाते

इटलीतलं रोक्कामारा गाव टेकडीच्या खांद्यावर बसलेलं, त्यामुळे तिथे वाऱ्याला तोटा नाही. पण आर्जिया म्हातारीच्या घरात वाऱ्याला पाऊल टाकायची सोय नव्हती. मे महिना उजाडला, शेजारणींनी गाद्या उन्हात टाकल्या, तरी या घरच्या खिडक्यांच्या फळ्या मिटलेल्याच. आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडणं म्हणजे आर्जियाच्या लेखी खूनच.

"माझा बाप बैलासारखा माणूस," ती सांगायची. "घामेजल्या अंगाने दारात उभा राहिला, मानेला वारं लागलं आणि आठवडा काढला नाही त्याने."

हे गावात कुणालाच वेड्यासारखं वाटत नसे. तिथे सगळेच वाऱ्याला भितात. डॉक्टरसुद्धा आधी विचारतो, "वारं कुठे लागलं?" फरक एवढाच, की आर्जियाला वारं लागायचं ते वेळ बघून.

ती वेळ तिच्या लेकीला, इल्देला, पाठ झाली होती. इल्दे विशीत असताना तिला वितेर्बोच्या कापड दुकानात नोकरी लागली. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी आईची मान आखडली, नोकरी गेली. पुढे क्विंतो नावाचा गवंडी तिला मागणी घालायला आला. चांगला माणूस, हाताचे पंजे फावड्याएवढे आणि बोलणं हळू. तो दारातून गेला आणि आर्जिया महिनाभर अंथरुणाला खिळली. "त्या मेल्याने दार उघडं टाकलं," एवढंच तिचं म्हणणं. क्विंतो काही दिवस थांबला, मग थांबला नाही. थोरला भाऊ ओत्ताविओ मात्र तोरिनोला नोकरीला गेला तेव्हा आर्जियाला साधी शिंकही आली नव्हती. आता तो दर रविवारी फोन करायचा, "काही लागलं तर सांग हं," म्हणायचा आणि कुणी काही सांगायच्या आत ठेवून द्यायचा.

अशी इल्दे चोपन्न वर्षांची झाली.

आईवर तिचा राग होता का? असेलही. पण राग धरायलासुद्धा माणसाला जरा लांब उभं राहावं लागतं, आणि तेवढी जागा त्या घरात नव्हती. तिची एकच गोष्ट राहून गेली होती आणि ती तिला रात्रंदिवस टोचायची. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा इस्पितळाच्या बाकावर बसून इल्देने सांता क्रिस्तीना या संतिणीला नवस बोलला होता: "मम्मा पायावर उभी राहिली, तर बोल्सेनाला येऊन तुझ्यापुढे मेणबत्ती लावीन." आर्जिया उभी राहिली. काठी टेकत घरातल्या घरात फिरायला लागली, ओरडायला तर त्याआधीच लागली होती. मेणबत्ती मात्र कपाटाच्या खणात कागदात गुंडाळून पडली. बंद घरातल्या किती उन्हाळ्यांनी ती केळ्यासारखी वाकली होती. बोल्सेना काही परदेशात नाही, तळ्याकाठचं गाव, बसने तासाभराची वाट. पण आई म्हणायची, "देव काय तिथेच बसलाय? इथूनच हात जोड."

वरची ओत्ताविओची खोली आता शनिवार-रविवारी भाड्याने जायची. कुठे कुठे शिकणारी पोरं शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर पिशव्या घेऊन यायची आणि रविवारी इटली बघून झाली म्हणून परत जायची. इल्दे त्यांच्या चादरी धुवायची. एका पोराच्या चादरीत तिला वेनिसचं तिकीट सापडलं होतं. ते तिने फेकलं नाही.

त्या मे महिन्यात आली ती रायेन. चिले देशाची पोर, शिकायला बार्सेलोनात, आणि सुट्टीचे दोन दिवस काढून इकडे. तिने वर जाऊन पाठीवरची पिशवी टाकली आणि पहिलं काम काय केलं, तर समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. खाली स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं.

"इल्दे! मारलं गं मला! वर कुणाला ठेवलंयस?"

इल्दे धावत जिना चढली. पोर न्हाऊन ओल्या केसांनी खिडकीत उभी होती.

"बंद कर बाई, बंद कर! खाली मम्माला वारं लागतं."

"वारा? वारा छान आहे की, सिन्योरा."

"छान असतो, तोच लागतो," इल्दे म्हणाली आणि तिने फळ्या ओढून घेतल्या. मग तिची तिलाच गंमत वाटली.

स्पॅनिश आणि इटालियन या मावसबहिणी. एक बोलली तर दुसरीला निम्मं कळतं आणि उरलेलं निम्मं कळलं असं वाटतं. शनिवारी संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात घेवड्याचं सूप खात बसल्या होत्या. आर्जिया पलीकडे टीव्हीसमोर, कान इकडे. रायेनने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. "ही कोण?"

"सांता क्रिस्तीना. तळ्याकाठची. बापाने मनोऱ्यात कोंडून ठेवली होती तिला, देवाचं नाव घेते म्हणून. मग गळ्यात दगड बांधून तळ्यात टाकली. तर दगडच तरंगला."

"आणि ती?"

"ती दगडावर उभी राहून काठाला आली." इल्देने आवाज बारीक केला. "माझा नवस राहिलाय तिचा. जाणंच होत नाही."

पोरीने पाव सुपात बुडवला तो तसाच हातात राहिला. मग ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मला तळं बघायचंय. उद्या सकाळी, साल्गो. तुम्हीपण चला."

इटालियनमध्ये साल्गो म्हणजे 'मी वर जाते'. रोक्कामारात वर जाणं म्हणजे एकच, पडक्या किल्ल्यावर. तिथून तळ्याची निळी रेघ दिसते. इल्देला वाटलं, पोरीला तेवढी रेघ बघायचीय. किल्ल्यावर तीही किती वर्षांत गेली नव्हती. तिथून निदान तळ्याकडे तोंड करून हात जोडता येतील.

"येते," ती म्हणाली. "जवळच तर आहे."

"हो, लांब नाही," रायेन खूश होऊन म्हणाली.

रविवारी पहाटेची प्रार्थना आटोपून इल्दे घरी आली, आईला कॉफी दिली, उशी पाठीशी लावली.

"कुठे निघालीस?"

"साल्गो, मम्मा. त्या पोरीला किल्ला दाखवून आणते. ही गेले नि ही आले."

"केस वाळलेत का तिचे?"

"वाळलेत."

"स्कार्फ घे. वर वारा असतो. आणि दार नुसतं लोटू नकोस, फटीतून झोत येतो. कुलूप घाल."

इल्देने बाहेरून कुलूप घातलं. त्यांच्या दाराची किल्ली जुनी, लोखंडी, हातभर म्हणावी अशी. ती तिने कोटाच्या खिशात टाकली.

गल्लीच्या तोंडाशी इल्दे डावीकडे चढाला लागली आणि पोर उजवीकडे उताराला.

"अगं ए, वर! किल्ला इकडे आहे."

"नाही सिन्योरा, खाली. बस चुकेल!"

"बस? बस कशाला?"

पोरीने तिचा हात धरला आणि ओढतच चौकात आणलं. समोर निळी बस उभी होती, काचेवर पाटी: बोल्सेना. रविवारी जाणारी तेवढी एकच. संध्याकाळी परत आणणारीही एकच.

"साल्गो!" रायेन छातीवर हात ठेवून म्हणाली. मग दोन बोटांनी चालत चालत लांब जाण्याची खूण केली. "बाहेर पडते! घरातून बाहेर! तुम्हीपण."

"आमच्यात साल्गो म्हणजे वर चढते," इल्दे म्हणाली. "वर. बाहेर नाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग पोर हसायला लागली, आणि इल्देलाही हसू फुटलं. हसता हसताच तिने एक पाय बसच्या पायरीवर ठेवला. ठेवला म्हणजे तो गेलाच आपण होऊन. आतून ऊन लागलेल्या सीटचा वास आला. पुढच्या बाकावरच्या दोन बायका तिला जागा देण्यासाठी सरकल्यासुद्धा.

तेवढ्यात किल्ली मांडीवर आपटली.

आई आत होती. बाहेरून कुलूप होतं. डेल्फीना शेजारीण मोठ्या प्रार्थनेला गेलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. पडली, झडली, चुलीवर काही राहिलं असलं तर? लगेच येते सांगून निघालेली बाई संध्याकाळी उगवली तर? हे काल कळलं असतं, तर डेल्फीनाला बसवता आलं असतं आईपाशी. मेणबत्तीही घेता आली असती. ती खणातच होती.

"बाई, चढताय की उतरताय?" ड्रायव्हर ओरडला. त्याच्या गळ्यात मे महिन्यातही मफलर होता. "दार उघडं ठेवून मला वारं लावताय!"

इल्देने पाय खाली घेतला.

"किल्ली," ती पोरीला म्हणाली आणि खिशातून काढून दाखवली. "मम्मा आत."

हे मात्र रायेनला सगळंच्या सगळं कळलं. तिचं विमान त्याच रात्रीचं, तळ्यावरून ती तशीच रोमला जायची होती. तिने इल्देला घट्ट मिठी मारली आणि बसमध्ये चढली. दार मिटलं.

इल्दे घरी जाऊ शकत होती. पण आईला सांगितलं होतं किल्ल्यावर जाते म्हणून, आणि शब्द खोटा कशाला करायचा? ती एकटीच चढून गेली. वर रानटी बडीशेप गुडघ्याएवढी माजलेली, वारा तर नुसता भणाणत होता. खाली वळणावळणाने बस जात होती, निळी, काडेपेटीएवढी. तळ्याची रेघ तिच्या पलीकडे. मग बस झाडीत गेली.

"बघितलंस ना," इल्दे सांता क्रिस्तीनाला म्हणाली. "तुला निदान दगड मिळाला."

मग तिला तो शब्द आठवला. तिने तो तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. एकदा इकडचा, एकदा तिकडचा. ऐकायला दोन्ही सारखेच होते, तसूभर फरक नाही.

घरी आर्जिया मान धरून बसली होती. "तू दार उघडलंस ना जाताना, तेव्हाच लागलं."

इल्देने कापराचं तेल गरम केलं.

आठवडा गेला. बेकरीच्या रांगेत डेल्फीना पुढे उभी होती. या बाईच्या तोंडाला कुलूप असं कधी लागलंच नाही. इल्देने तिच्या पाठीला बोट लावलं.

"रविवारी आमच्याकडे बसशील? सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

डेल्फीना वळली. "इतकी वर्षं वाट बघतेय मी, ही बाई तोंड कधी उघडते म्हणून. कुठे चाललीयस?"

"साल्गो," इल्दे म्हणाली.

"किल्ल्यावर? दिवसभर? घरटं बांधतेस काय तिथे?"

"बसशील का नाही?"

"बसते की. तुझ्या आईची मान दुखायला लागली तर मी माझा गुडघा सांगीन. मग माझं पित्त. बघू कोण आधी थकतं."

रविवारी इल्देने कोट घातला. मेणबत्ती आत, अस्तराच्या खिशात. आर्जिया डेल्फीनाकडे दात दुखत असल्यासारखी बघत होती.

"कुठे?"

"साल्गो, मम्मा."

खोटं नव्हतं ते. पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून कबुली द्यायची वेळ आली असती, तरी या शब्दाला त्यांना नाव ठेवता आलं नसतं. वर बसलेला तर दोन्ही भाषा जाणतो.

बोल्सेनाच्या देवळात थंडगार अंधार होता. मेणबत्ती इतकी वाकली होती की खाचेत उभी राहीना. इल्देने ती दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली, जरा सरळ केली, लावली. नवसाचं पुटपुटून झालं, आणि मग पुढे काय करायचं ते तिला कळेना. परतीची बस संध्याकाळची. ती तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसली, कागदाच्या पुडीतले तळलेले बारके मासे खाल्ले. पाण्यावरून वारा येत होता. तिने स्कार्फ आवळला. थोड्या वेळाने सोडला. पण हात राहून राहून खिशात जायचा, किल्ली चाचपायला. किल्ली डेल्फीनाकडे होती. खिसा रिकामा होता आणि हात काही ऐकत नव्हता. डोळ्यांपुढे इतकं पाणी, आणि ही मनाने त्या बंद खिडक्यांच्या आतच.

संध्याकाळी ती परतली. डेल्फीना विणकाम गुंडाळत डोळा मिचकावून निघून गेली. आर्जिया खुर्चीत बसली होती. इल्दे तिच्या मागे उभी राहून मानेला तेल चोळायला लागली. म्हातारीने नाक वर केलं.

"हल्ली किल्ल्यावर माशांचा वास येतो वाटतं."

इल्देचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"नाक भाजलंय तुझं," आर्जिया म्हणाली. "आणि ती डेल्फीना! तिचं पित्त मला पाठ झालं."

"मान दुखतेय?"

"दुखायला वेळ कुठे दिला तिने."

इल्देने तळहातावर आणखी तेल घेतलं. भिंतीवर सांता क्रिस्तीना, दगडावर उभी.

"पुढच्या रविवारी?" आर्जियाने विचारलं. आवाज नेहमीचाच, कुरकुरा. पण तेलाने माखलेलं इल्देचं मनगट तिने पकडलं होतं, आणि त्या बोटांत चांगलीच ताकद होती.

"साल्गो," इल्दे म्हणाली.

आईने मनगट लगेच सोडलं नाही.

"स्कार्फ घे. वर वारा असतो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "परतीची बस चुकवू नकोस."