केनवडचा मामा

परवा दुपारी बेल वाजली. दाराच्या फटीतून बिडीचा वास आत आला आणि कडीकडे गेलेला माझा हात आपोआप थांबला.

असाच वास इंझोरीच्या आमच्या घरात शिरला होता. बाहत्तरचा दुष्काळ सरून शेतात पुन्हा कापूस फुटला होता. माय-बाबा वेचणीला गेलेले. मी चौथीतली पोर, आतून कडी लावून धाकट्या भावाला झोका देत होते. तेवढ्यात दार वाजलं.

“रामराम, पोरी! मी तुहा केनवडचा मामा. दार खोल.”

केनवडच्या मामाला मी कळत्या वयात पाहिलंच नव्हतं. मी आनंदानं कडीला हात घातला आणि थबकले. आमच्या बौद्ध घरात पाहुणा उंबऱ्याबाहेरूनच जयभीम घालायचा. मायच्या माहेरचं माणूस रामराम कसं म्हणेल?

“माय आल्यावर या,” मी आतून म्हणाले.

“तिनंच धाडलं मले, पितळी घागर न्याले. काहून भेऊन राह्यली?”

दार बाहेरून दाबलं गेलं. कडी करकरली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. भाऊ उठून रडू लागला. बिडीचा वास मानेपाशी येत होता. मग केव्हातरी वहाणांचा आवाज दूर गेला.

संध्याकाळी माय म्हणाली, “मी कोणालेच धाडलं नोतं वं!” बाबा वस्तीभर माझी हुशारी सांगत फिरले. पुढं कित्येक वर्षं मीही सांगत आले.

परवा बेल वाजल्यावर दाराशी थांबले, तेव्हा मात्र पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्यानं जयभीम म्हटलं असतं, तर मी दार उघडलं असतं.