चार सासवांची टॅक्सी

दसऱ्याच्या सकाळी शिरीषने नंदकुमारकाकांच्या टॅक्सीच्या मीटरवर फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि कुंकवाचा ओघळ खाली यायला लागला म्हणून ओल्या फडक्याने मीटर खसाखसा पुसला. फडक्याबरोबर एक इवलासा स्टिकरही निघून आला. किमतीचं लेबल असेल, म्हणून त्याने त्याची गोळी करून खिशात टाकली आणि शेजारच्या दाराकडे बघून हाक मारली, "काका, पूजा झाली! नारळ फोडू का?"

नंदकुमारकाका चहाचा कप घेऊन बाहेर आले. मीटरकडे बघितलं आणि कप हळूच टॅक्सीच्या टपावर ठेवला.

"सील कुठंय?"

"कसलं सील?"

"शिरीषराव, खिसा."

एरवी ते त्याला शिऱ्या म्हणत. 'राव' लागलं की आपल्या हातून काहीतरी महाग फुटलंय, एवढं शिरीषला कळायचं. ते लेबल म्हणजे हा मीटर खरा पळतो याची सरकारी साक्ष होती. ती नसेल तर गिऱ्हाईक घ्यायचं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी टॅक्सीची वार्षिक तपासणी होती. आठवड्याअखेर परवाना संपत होता.

"स्वतःच्या लॅपटॉपची पूजा कशी केलीस?" काकांनी विचारलं.

"खाली टिश्यू अंथरून. कोरडी."

"अस्सं," काका म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. रागवायलाही अंगात जोर लागतो. तो त्यांनी तपासणीसाठी राखून ठेवला असावा.

मीटरवाल्याने दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली. शिरीषने साहेबाला 'घरगुती अडचण' कळवली आणि प्रायश्चित्त म्हणून काकांच्या शेजारी जाऊन बसला. आयर्लंडमधल्या लिमरिकचा पाऊस नेहमीसारखाच, पडतोय की नुसता लोंबतोय ते कळू नये असा. काका एका हाताने काच पुसत होते.

काका पुण्यात एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. मेधाकाकूंना इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, मागोमाग काका आले. पहिली काही वर्षं ते 'मेधाचे मिस्टर' होते. बँकेत, डॉक्टरकडे, गणपतीच्या पंगतीत, सगळीकडे तेच. मग एके दिवशी त्यांनी टॅक्सीचं मनावर घेतलं, आणि आपण काय अंगावर घेतलंय ते हळूहळू कळत गेलं.

"एका टॅक्सीला चार सासवा असतात," काका सिग्नलला म्हणाले. "माणूस बरा आहे की नाही ते पोलीस बघणार. गाडी बरी आहे की नाही ते वाहतूकवाले. मीटर खरा की खोटा ते मापवाले. आणि गाडी उभी कुठे करायची ते कौन्सिल."

"मग सून कोण?"

"मी. आणि माहेर बंद."

त्यांची परीक्षाही झाली होती. शहरातले रस्ते, इस्पितळं, चर्चं, सगळं त्यांनी लसूण सोलता सोलता पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. तरी पहिल्या खेपेला नापास झाले. गाडी नव्हती तेव्हा शहर त्यांनी पायी पालथं घातलेलं. उत्तरात त्यांनी टॅक्सी अशा बोळातून नेली की जिथे छत्री उघडायचीही पंचाईत. काकूंनी त्या दिवशी शिरा केला. पास झाल्यावरही शिराच केला, पण त्यात बेदाणे होते.

मीटरवाल्याने मीटर तपासला, नवं सील लावलं. शिरीषने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

तपासणी केंद्रातल्या माणसाने दिवे बघितले, टायर बघितले, डिकी उघडून आग विझवायचं नळकांडं हलवून बघितलं. मग आत बसून त्याने पंखा सुरू केला. आदल्या दिवशी झेंडूच्या नावाखाली वाहिलेल्या सुपरमार्केटातल्या शेवंतीच्या पाकळ्या भसकन त्याच्या तोंडावर आल्या.

"लग्न होतं का गाडीत?" त्याने त्याच्या इंग्रजीत विचारलं.

"होतं," काका म्हणाले. "मीटरचं."

तो माणूस हसला नाही. मीटरपाशी वाकला आणि सील बराच वेळ बघत राहिला. काकांनी डॅशबोर्डवरचं आपलं कार्ड काढून हातात धरलं होतं. त्यावर त्यांचा फोटो होता, आत्ताच कोणीतरी पाचशेचे सुटे मागितल्यासारखा, आणि खाली पूर्ण नाव. त्यात मेधाकाकू कुठेही नव्हत्या. काका अंगठ्याने ते नाव पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते. शिरीषला पहिल्यांदाच आपल्या त्या फडक्याची खरोखर लाज वाटली.

"ग्रँड," तो माणूस म्हणाला आणि सही केली. इथे 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'चालेल' एवढंच. पण काकांनी असा श्वास सोडला की समोरची काच धुकटली.

बाहेर येऊन त्यांनी कार्ड परत खाचेत बसवलं, सरळ केलं, आणि डोळे मिटून सीटवर मान टाकली. साठीचा माणूस त्या क्षणी नव्वदीचा दिसत होता.

"काका," शिरीष न राहवून म्हणाला, "दरवर्षी हा छळ! काकूंचा पगार आहे, मुलगी नोकरीला लागली. सोडून का देत नाही आता?"

डॅशबोर्डवरचा फोन किणकिणला. काकांनी एक डोळा उघडून तो बघितला, सीट सरळ केली आणि हात लांबवून शिरीषच्या बाजूचं दार उघडलं. बाहेर पाऊस आता पडायचाच ठरवून पडत होता.

"उतर, मला भाडं आलंय."