उसातला श्रोता

सांगते, पण हसायचं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. भाषणाची भीती जावी म्हणून मी जे केलं, ते कुठल्या शहाण्या बाईनं करू नये.

आमचं गाव देवळाली प्रवरेजवळ. मी बचत गटाची अध्यक्ष, पण माईक दिसला की जीभ टाळ्याला चिकटते. आणि तालुक्याच्या मेळाव्यात मलाच बोलायचं होतं. शाळेच्या वेळेला एसटी नव्हती, म्हणून गावातल्या मुली आठवीनंतर घरी बसत होत्या. साहेबांना ते सांगणार कोण?

मालक म्हणाले, "उसासमोर बोलून बघ. ऊस हसत न्हाई."

दिवस मावळताना मी आमच्या उसाच्या बांधावर गेले. थंडीचे दिवस, पाटावर धुकं उतरलेलं. पाखरं एकदम गप्प. मी सुरुवात केली, "आदरणीय व्यासपीठ..."

उसात पाचट वाजलं. मी थांबले, तेही थांबलं.

मला वाटलं, मालकच. लपून ऐकायचं आणि नंतर घरभर माझी नक्कल करायची, ही त्यांची सवय. म्हटलं, ऐका. मी बोलत जरा पुढं सरकले, तसं आतलं पाचटही सरकलं. मग ओल्या गोणपाटासारखा उग्र वास आला. मग घरघर.

"घसा धरलाय तुमचा," मी म्हटलं. "घरी गेल्यावर काढा करून देते. आधी भाषण ऐका पुरतं."

घरघर थांबली. पानसुद्धा हलेना. इतकं शांतपणे माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मानेवर काटा आला, तो मला भाषणाचाच वाटला. शेवटपर्यंत बोलले, उसाला नमस्कार केला आणि घरी आले.

मालक गोठ्यात होते, हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"तुम्ही माझ्या आधी कसे पोचलात?"

"कुठनं? म्हैस व्यायलीय. दुपारपासनं हितंच हाय मी."

मी त्यांना उसातली घरघर सांगितली. उजाडल्यावर दोघं बांधावर गेलो. ओल्या मातीत बिबट्याचे पंजे. उसातून निघून, मला वळसा घालून ते मागे गेलेले. तिथं माती दबलेली होती, आणि तिथून पंजे परत उसात वळलेले. घरघर थांबली ती तो माझ्या पाठीशी येऊन बसला म्हणून. हात मागे केला असता तर लागला असता. आणि मी समोरच्या उसाला मुलींची अडचण समजावत होते.

 मेळाव्यात समोर नुसती माणसं होती, उजेडात, खुर्च्यांवर बसलेली. बोलले सगळं. एसटी सुरू झाली.

इकडे वन खात्यानं बांधावर पिंजरा लावला, आत शेळी ठेवली. बिबट्या फिरकलाच नाही. शेवटी वनरक्षक चौकशीला आले.

"गेला कुठं म्हणायचा?"

मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, त्यानं आमच्या हिचं भाषण सबंध ऐकलं. तालुका सोडला आसंल. परत आलाच, तर हिला पाठवतो."

वनरक्षकांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पिंजरा नेला.