मीठ ओढताना
परवा कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन अडकली, तर तिच्यात सुकलेलं मीठ निघालं आणि उरणच्या मिठागरातली एक सकाळ आठवली. तासभर मी बांधाआड चिखलात पालथा पडून होतो. कॅमेरा उचलला की फ्लेमिंगो उडून जात. मीठ ओढणाऱ्या एक मावशी शेवटी वैतागल्या. "चोरावानी लपतोस, मंग ती उडनारच! ह्यो फावडा घे नि मीठ वढ." मी कॅमेरा बांधावर ठेवून मीठ ओढू लागलो. थोड्या वेळाने अख्खा थवा शेजारच्या पाण्यात उतरून निवांत चरू लागला, पण माझे दोन्ही हात फावड्यात. तेव्हा मावशींनीच पदराला हात पुसून कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. माझ्या भिंतीवर पक्ष्यांचा तेवढा एकच फोटो आहे. फ्लेमिंगो झाडून सगळे आलेत. फावड्यासकट मीही आलोय, माझं डोकं मात्र नाही.