वेणूकाकूंची मेणाची नळकांडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, पण कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

इचोड्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पण जीव खरा जडला होता तो कर्ण्याच्या जुन्या बाज्यांवर, म्हणजे ग्रामोफोनांवर. भंगारातून, वांकिडीकडच्या खेड्यांतल्या माळ्यांवरून मी ते आणायचो. गंज काढायचा, तुटकी स्प्रिंग बदलायची, पितळी कर्णा चिंचेनं घासून लखलखीत करायचा. मेलेलं यंत्र बोलायला लागलं की लोक म्हणायचे, याच्या हातात जादू आहे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. दोष तिथूनच सुरू झाला का? असेल.

सत्त्याऐंशी साली आमच्याच गल्लीतल्या वेणूकाकू एक पेटी घेऊन आल्या. साठीची बाई. वडील निजामाच्या काळात तहसीलीत पेशकार. त्यांनी हौसेनं घेतलेला फोनोग्राफ होता तो. तबकडीचा नव्हे, मेणाच्या नळकांडीचा. त्यात आवाज भरताही यायचा. असा मी तोवर पाहिलाही नव्हता.

"माह्या मायचा आवाज हाय याच्यात," काकू म्हणाल्या. आई गेली तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. फोटो नाही, काही नाही. ती गेल्यावर यंत्रही लवकरच बंद पडलं. थोरला भाऊ तर म्हणायचा, माय त्यात कधी बोललीच नव्हती, हे वेणीच्या मनचं आहे. काकूंना एवढंच आठवत होतं, की त्यात त्यांचं नाव येतं.

"स्प्रिंग तेवढी नीट कर बापा. नळकांडीले हात नोको लावू. मी आल्याबिगर वाजवू नोको."

मी हो म्हटलं.

आणि चौथ्या दिवशी दुपारी, दुकानाचं दार लोटून घेऊन, मी ती वाजवली. का? मला आधी ऐकायचं होतं — दुसरं काही कारण नाही.

आवाज होता. खरखरीतून एक तरणी बाई बोलत होती. "मी काय बोलू वो? लाज वाटते मले." मग हसली. मग एकदम — "वेणे, तिकडं नोको जाऊ, पडशीन माय!" आणि पुन्हा हसू.

तिथं थांबायला हवं होतं. पण मेणावर पांढरी बुरशी होती. मला वाटलं, आवाज आणखी स्वच्छ करून काकूंना चकित करावं. रेडिओचे सुटे भाग पुसायचो तसं फडक्यावर स्पिरिट घेतलं. मेण चिकट झालं, आवाजाच्या बारीक रेघा फडक्याबरोबर पुसल्या गेल्या. पुन्हा सुई ठेवली. नुसती घरघर. दहा वेळा ठेवली असेल मी —

एवढंही सांगता आलं असतं. चूक झाली, काकू. त्या रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या. पण मी काय केलं?

काकू आल्या. धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. मी चावी दिली. घरघर ऐकत त्या कर्ण्याच्या तोंडाशी वाकून राहिल्या.

"काई नाई काकू," मी म्हणालो. "कोरीच हाय नळकांडी. याच्यात कोनी बोललंच नाई कधी."

"माह्यं नाव नाई आलं?"

"नाई."

त्या कर्ण्यापासून सरळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग दादा खरंच म्हने." यंत्र त्यांनी परत नेलंच नाही. "तुयाकडंच राहू दे, मले काय करायचं त्याचं?" आणि मी ते ठेवून घेतलं. पॉलिश केलं, दुकानात दर्शनी मांडलं. आल्यागेल्याला मिरवून दाखवायचो.

पुढं पाच-सात वर्षांनी काकू नातीला घेऊन दुकानात आल्या. चार माणसं बसलेली होती. नातीनं त्या यंत्राकडे बोट दाखवलं, तशा काकू हसत सगळ्यांना म्हणाल्या, "लहानपनी मी लय लबाड होती. साऱ्यायले सांगो, का याच्यात माही माय बोलते!"

सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या वारल्या. तोवर रोज दोनदा मी त्यांच्या दारावरून जात होतो.