बॅगेखालची फरशी

माझ्या मुलीची बॅग जिथं ठेवली होती, तेवढी फरशी त्या बाईनं धुवून घेतली. आमच्यासमोर. आम्ही अजून फाटकाबाहेरही गेलो नव्हतो.

"इथं पण मार गं पाणी," ती कामवाल्या मावशींना म्हणाली.

मावशी पाइपनं कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना कळलं नाही. बाईनं बोट दाखवलं. "इथं. बॅग होती ना, तिथं. थोडं फिनेल टाक."

आणि हीच बाई आत्ताच मला सांगत होती की घरात पाणी नाही, म्हणून खोली देता येत नाही.

मला राग यायला हवा होता. आली ती किळस. फिनेलचा वास नाकातून घशात उतरला. एवढी स्वच्छ फरशी, एवढी स्वच्छ साडी, आणि आत एवढी घाण.

त्या शहराचं नाव मी घेत नाही. समुद्राकाठचं आहे, मराठी आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की आमच्या अकोल्यातले लोक म्हणतील, पाहा, तिकडचे लोक असेच. असं म्हणून मोकळे होतील. मला कुणालाच मोकळं सोडायचं नाही.

मुलीचा नंबर तिथल्या मत्स्यशास्त्राच्या कॉलेजात लागला होता. अकोल्याच्या उन्हात वाढलेली पोर. पण लहानपणापासून तिला माशांचं वेड. बार्शीटाकळीला आजोबांकडे गेली की नदीच्या डोहात तोंड खुपसून बसायची. प्रवेशासाठी चार-पाच दिवस राहायचं होतं. प्रश्न होता, कुठं राहायचं.

लोक शहरात जातात तेव्हा कशी वस्ती निवडतात? समुद्र दिसतो का, जेवण चांगलं मिळतं का, स्टँड जवळ आहे का. आम्ही निवडतो ती दार उघडेल का, हे बघून. आमच्या घरात कुठं जायचं निघालं की पहिला प्रश्न असतो, तिथं आपलं कोण आहे? माझ्या नवऱ्यानंही तोच विचारला. म्हणाला, "टेकडीच्या मांगं आपल्या लोकायची वस्ती हाय म्हनते. तठीच राहा. उगा कटकट काहून?"

टेकडीच्या मागून कॉलेजला यायला दोन बस बदलाव्या लागतात. मी म्हटलं, कॉलेजपाशीच राहीन.

शाळेच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला. मी शिक्षिका आहे. आमच्या एक मॅडम पुढं सरसावल्या. त्यांच्या मावसबहिणीचं घर कॉलेजच्याच रस्त्यावर. वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. "वस्ती अगदी छान. स्वच्छ. आपल्यासारख्यांची," मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फक्त आडनाव सांगू नका हं. नुसतं नाव सांगा. तसंही, तुम्ही तशा वाटतच नाही."

"कशा?" मी विचारलं.

"अहो, राग नका मानू. तुमच्या भल्यासाठीच सांगते."

किती वर्षं या बाईसोबत मी डबा खाल्ला. माझी भाजी तिला आवडायची. ती मला शाबासकीच देत होती. तुम्ही तशा वाटत नाही. म्हणजे 'तशा' कुणीतरी असतात, हे तिचं पक्कं होतं.

मी फोन केला. तिकडून नाव विचारलं, मी नाव सांगितलं. आडनाव विचारलं नाही. खोली ठरली.

आम्ही पोचलो तेव्हा बाई हसत दारात आली. "अकोला! बाई गं, केवढ्या लांबून आलात. बसा. कोकम सरबत आणते." मुलीनं बॅग ओट्यावर ठेवली. बाईच्या हातात वरच्या खोलीची किल्ली होती. आत जाता जाता सहज वळून तिनं विचारलं, "पूर्ण नाव काय हो तुमचं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मॅडम काय म्हणाल्या ते मी तिला घरी सांगितलं होतं. आता आई काय करते, हे ती बघत होती. सतरा वर्षांची पोर.

मी नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. आणि आडनाव सांगितलं. सावकाश.

किल्ली मुठीत गेली. सरबताचा विषय संपला. चेहऱ्यावर हसू तसंच, पण डोळे दुसरीकडे. "अगं बाई, मी सांगायलाच विसरले. आज पाणीच नाही आलं. तुमची गैरसोय होईल. तुम्ही असं करा, टेकडीच्या मागं जा. तिकडं तुमच्याकडची बरीच माणसं आहेत. तुम्हाला बरं वाटेल तिथं."

आम्हाला कुठं बरं वाटेल, हे सगळ्यांना माहीत. आम्हाला सोडून.

मुलीनं बॅग उचलली. आम्ही पायऱ्या उतरलो. आणि मागं पाइपचं पाणी फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

मी थांबले. मुलगी हात ओढत होती. "मम्मी, चाल न. जाऊ दे न."

आजवर मी जाऊच दिलं होतं. अकोल्यात भाड्यानं घर शोधताना दारावर 'भाड्यानं देणे आहे' अशी पाटी लटकलेली असायची आणि मालक म्हणायचा, कालच दिलं. मी मान हलवून निघायचे. प्रत्येक वेळी शुद्ध बोलायचे, नीट बोलायचे. माझं वऱ्हाडी घरी ठेवून यायचे. काय मिळालं त्या शुद्ध बोलण्यातून?

मी परत पायऱ्या चढले. चपलेसकट त्या ओल्या फरशीवर जाऊन उभी राहिले. आणि तोंडातून माझी भाषा निघाली.

"पानी त येऊन राह्यलं न, बाई. मंग नाई म्हनून काहून सांगता? खरं कारन सांगा."

बाई दचकली. "हळू बोला. शेजारी ऐकतात."

"आयकू द्या. तुमी काई वाईट केलं नसन त भेता काहून?"

"अहो, माझं काही नाही हो. मी असलं मानत नाही. पण सासूबाई आहेत घरात. त्यांना चालत नाही."

"बोलवा त्याईले. त्याईच्या तोंडून आयकतो मी."

"त्या झोपल्यात."

त्या घरात सासू होती की नाही, कोण जाणे. असली तरी धुवायला सांगणारं तोंड हिचंच होतं. मावशी पाइप धरून खाली बघत उभ्या होत्या. पाणी माझ्या चपलांवरून वाहत होतं.

मी म्हटलं, "आता फरशी किती बी धुवा. तुमी काय केलं ते माह्या पोरीनं पायलं. ते कशानं धुसान?"

बाईनं दार लावून घेतलं. आतून कडी घातली. दिवसाढवळ्या.

त्याच रस्त्यावर एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर लॉज होतं. मालकानं विचारायच्या आत मी आडनावासकट नाव सांगितलं. तो म्हणाला, "पंखा आहे, एसी नाही. चालेल?" खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, शेजारची भिंत दिसत होती. पण वस्ती तीच होती.

खोलीत गेल्यावर मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली. "मम्मी, मले नाई पायजे हे कॉलेज. घरी चाल."

त्या वेळी मात्र मला राग आला. बाई तिची फरशी धुऊन थांबली नव्हती. तिला माझ्या पोरीचं कॉलेजही हवं होतं, आणि पोर ते द्यायला निघाली होती.

"कॉलेज काय तिच्या बापाचं हाय?" मी म्हटलं. "तुले तुह्या मार्कावर भेटलं. उद्या सकाळी जायचं आन् प्रवेश घ्यायचा. रडाचं असन त मंग रड."

ती रडली नाही. सकाळी प्रवेश घेतला.

अकोल्याला परत आल्यावर स्टाफरूममध्ये मॅडम जवळ आल्या. बहिणीचा फोन आला असणार. "गैरसमज झाला हो. ती तशी मनानं चांगली आहे. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं ना, आडनाव..."

"मॅडम," मी म्हटलं, "आडनाव मी सांगितलं. लाज तुमच्या बहिणीला वाटायला पायजे. आणि तुम्हाला."

त्या दिवसापासून मी माझा डबा वेगळा खाते. यावेळी वेगळं मी त्यांना बसवलंय.

आता मुलीसाठी कायमची खोली शोधणं चालू आहे. नातेवाईक म्हणतात, टेकडीच्या मागं घ्या. पोर एकटी आहे, सांभाळून असावं. मी रोज फोन लावते, त्याच वस्तीत. पहिल्या वाक्यातच आडनाव सांगते. काही जण आवाज येत नाही म्हणतात. काही जण सरळ फोन ठेवतात. मी पुढचा नंबर लावते.

पोर त्याच वस्तीत राहील. दारावर पाटी लावून. पाटीवर पूर्ण नाव असेल.